गॅरेजमधले मृत्यू वेगळे आणि ‘सेक्शन जी’चे मृत्यू वेगळे

कामावर दगावलेल्यांचे देशोदेशीचे तक्ते बघितले की एक ओळ हमखास असते, ‘घाऊक व किरकोळ व्यापार, मोटार वाहनांची दुरुस्ती’, आणि लोक त्यातलं शेवटचं तेवढं वाचून ठोकून देतात की अमुक देशात गॅरेजमध्ये एवढी माणसं गेली. अहो, ती ओळ म्हणजे उद्योगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला अख्खा सेक्शन जी! त्यात सुपरमार्केटचा कॅशियर आला, होलसेलच्या गोडाऊनमधला हमाल आला, मेडिकलवाला पण आला. गाड्यांची विक्री-दुरुस्ती हा त्यातला फक्त ४५ नंबरचा विभाग, ४६ होलसेल, ४७ रिटेल. आपली २००८ची एनआयसी, म्हणजे भारताचं उद्योग-वर्गीकरण, पण त्याच साच्यातली.

आणि मरणाची कारणं बघा ना. गॅरेजमध्ये माणूस जातो तो स्टँड न लावता नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, नाहीतर ‘रिकाम्या’ पेट्रोल टाकीला वेल्डिंग मारताना, कारण पेट्रोल संपलं तरी वाफ आतच असते, नाहीतर शटर ओढून इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइडने, ज्याला वासच नसतो. ट्रकचं चाक तर विचारूच नका. लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटून थेट समोरच्याच्या अंगावर येते, म्हणून अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याच्या, नियमाने असं चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, बाजूला उभं राहून लांब नळीने हवा भरायची असते. आपल्या हायवेवरच्या टायरवाल्याकडे असा पिंजरा कधी दिसलाय का? दुकान-गोडाऊनवाल्यांचं वेगळंच, तिथे फोर्कलिफ्ट, डिलिव्हरीची गाडी, आणि अमेरिकेत दरोड्यात गोळी लागलेला कॅशियर पण याच मोजणीत येतो.

बरं, सगळे देश एकाच साच्यात मोजतात असंही नाही. अमेरिकेत शोरूम रिटेलमध्ये आणि गॅरेज ‘इतर सेवा’मध्ये, म्हणजे दोघांची फारकतच. युरोपच्या नव्या वर्गीकरणात गाड्यांची दुरुस्ती जीमधून काढून ९५ नंबरच्या विभागात टाकलीय, त्यामुळे जुना जी आणि नवा जी एका ग्राफवर जोडू नका. शिवाय ब्रिटनची कामगार-सुरक्षा संस्था एचएसई मुख्य आकड्यात रस्त्यावरचे अपघात धरत नाही, अमेरिका धरते. २०२२मध्ये अमेरिकेचा कामावरच्या मृत्यूंचा एकूण दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे ३.७ होता, ब्रिटनचा त्याच्या अर्ध्यालाही पोचत नाही, पण त्यातला काही फरक मोजणीचाच आहे.

भारताचं म्हणाल तर कारखान्यांतल्या मृत्यूंचे आकडे नोंदणीकृत कारखान्यांचे असतात, आणि दोन पोरं नि एक मिस्त्री असलेलं गॅरेज कारखाना म्हणून नोंदलेलंच नसतं.