हल्ल्यातील जखमींना शासकीय भरपाई : पार्श्वभूमी

कोयत्याच्या हल्ल्यात हुपरीच्या एखाद्या चांदी कारागिराची बोटे निकामी झाली, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून घरी आल्यावर त्याला आरोपीच्या शिक्षेआधी घोर लागतो तो घर चालवायचे कसे याचा. गुन्हेगाराला शिक्षा करण्याचे काम राजसत्तेने फार पूर्वी आपल्याकडे घेतले, पण जखमीचा मोडलेला संसार सावरण्याची जबाबदारी तिने बराच काळ मानली नाही. ती मानणारा कायदा न्यूझीलंडने १९६३ मध्ये केला आणि पुढच्या वर्षी ब्रिटननेही अशी योजना सुरू केली. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने केंद्रीय निधी उभा राहिला. त्यात मुख्यतः गुन्हेगारांकडून वसूल झालेला दंड जमा होतो.

आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ होते, पण त्याची सारी भिस्त आरोपीवर होती. दोष सिद्ध व्हायचा, दंड ठोठावला जायचा, तो वसूल व्हायचा आणि मग त्यातून जखमीला काही मिळायचे. आरोपी फरार किंवा कफल्लक असला की हात रिकामेच. ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या कलम ३५७-अ ने राज्य सरकारच्या निधीतून भरपाईची सोय करून ही गाठ सोडवली आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला आपल्यासाठी सर्वांत मोलाचा बदल हाच आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते, आणि हल्लेखोर सापडलाच नाही तर जखमी व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अर्ज करू शकतात, ज्याची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे.

ॲसिड हल्ल्यातील पीडितांना किमान ३ लाख रुपये द्यावेत आणि त्यांपैकी १ लाख पंधरा दिवसांत द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्रात महिला व बालकांसाठी मनोधैर्य योजना आली, तर २०१४ मध्ये राज्याची पीडित नुकसानभरपाई योजना. १ जुलै २०२४ पासून कलम ३५७-अ ची हीच तरतूद, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे.

अंतिम निर्णयाआधीही प्रथमोपचार व उपचारांची मोफत सोय करण्याचा आदेश प्राधिकरण देऊ शकते. त्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो. तो दाखला मागता येतो, हे वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना त्याच रात्री कोणीतरी सांगायला हवे.