व्यवसायाचे नाव उपलब्ध आहे का, हे कसे तपासावे

गुमास्ता (दुकानाची नोंदणी) किंवा उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) प्रमाणपत्र हाती आले, की त्यावर छापलेले नाव आपल्या मालकीचे झाले, असा समज लहान व्यावसायिकांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या नोंदणीमुळे नावावर कोणताही हक्क निर्माण होत नाही. एकाच पेठेत ‘साईकृपा’च्या तीन पाट्या दिसतात त्या म्हणूनच.

नाव दोन ठिकाणी तपासावे लागते: ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदवहीत आणि कॉर्पोरेट कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. बहुतेक जण मंत्रालयापासून सुरुवात करतात. माझ्या मते ट्रेडमार्क आधी पाहावा, कारण तिथला शोध विनामूल्य असतो आणि खरा तंटा तिथेच उद्भवतो. समजा, मसाले आणि लोणची विकण्यासाठी ‘ओसरी’ हे नाव मनात आहे. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकित वर्ग केलेले असतात; मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये, म्हणजे दोन्ही वर्ग पाहावे लागतात. शिवाय हेच नाव रोमन लिपीत एक ‘एस’ किंवा दोन ‘एस’ घालून, शेवटी ‘आय’ किंवा दुहेरी ‘ई’ लावून लिहिता येते, त्यामुळे केवळ एका स्पेलिंगवर न थांबता उच्चारानुसार होणारा शोधही घ्यावा.

खासगी कंपनीसाठी किमान दोन सभासद लागतात, एकल व्यक्ती कंपनी एकाच व्यक्तीला काढता येते. नव्या कंपनीचे नाव मंत्रालयाच्या ‘स्पाइस प्लस’ या कंपनी-नोंदणी अर्जाच्या भाग ‘अ’मधून मागता येते. त्यासाठी १,००० रुपये शुल्क भरावे लागते आणि पसंतीची दोन नावे देता येतात. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवले जाते. ज्यांची बाकीची कागदपत्रे तयार नाहीत त्यांनी अर्जाची घाई करू नये. मर्यादित दायित्व भागीदारीसाठी (एलएलपी) मात्र नाव राखून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांची आहे.

अनेकवचन, विरामचिन्हे, जोडून-तोडून लिहिणे किंवा स्पेलिंगमधला किरकोळ बदल यांमुळे नाव वेगळे ठरत नाही. आधीच्या कंपनीच्या संपूर्ण इंग्रजी नावाचे हिंदी भाषांतर केले तरी तेच नाव मानले जाते. ‘राष्ट्रपती’, ‘आयोग’ यांसारख्या शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, तर ‘बँक’, ‘विमा’ अशा शब्दांसाठी संबंधित नियामकाच्या मंजुरीचा प्रश्न येतो.

नावाच्या टप्प्यावर कागदपत्रे फारशी लागत नाहीत. नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी जुळत असल्यास त्या मालकाचे संमतिपत्र, आणि अस्तित्वात असलेल्या कंपनीशी संबंध दाखवायचा असल्यास तिच्या संचालक मंडळाचा ठराव जोडावा लागतो.

कंपनी निबंधकांनी, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, नाव मंजूर केले म्हणून ट्रेडमार्कधारकाचा हक्क संपत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६ नुसार तो कंपनीच्या नोंदणीपासून तीन वर्षांच्या आत नावाविरुद्ध अर्ज करू शकतो. त्यावर नाव बदलण्याचा आदेश निघाला तर कंपनीला तीन महिने मिळतात. तेवढ्यात नाव बदलले नाही, तर आदेश न पाळल्याची निदर्शक अक्षरे, आदेशाचे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक एवढेच त्या कंपनीचे नवे नाव म्हणून नोंदवहीत चढते.