शिक्षा काढणे वेगळे, दुकान उघडणे वेगळे

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय निघाला की ‘म्हणजे आता गांजा दुकानात मिळणार का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. सेवन फौजदारी गुन्ह्यांतून वगळणे ही एक, आणि विक्रीला कायदेशीर मान्यता देणे ही दुसरी. पहिलीचा संबंध ज्याच्या खिशात पुडी सापडते त्या माणसाशी आहे, तर दुसरीचा ती पुडी कोणी पिकवायची आणि कोणी विकायची याच्याशी.

पोर्तुगालने २००१ मध्ये पहिला मार्ग धरला. तिथे स्वतःच्या दहा दिवसांच्या वापरापुरता साठा सापडला, तर प्रकरण न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या आयोगापुढे जाते आणि आयोग व्यसन कितपत मुरले आहे हे पाहून उपचारांकडे वळवतो, दंड करतो किंवा नुसती समज देऊन सोडतो. विक्री मात्र आजही तिथे गुन्हाच आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये, गांजापुरता, दुसरा मार्ग घेतला: परवाना, वयाची अट, सरकारी देखरेख.

आपल्याकडची गंमत अशी की दुसरी गोष्ट आपण केव्हापासून करत आलो आहोत. अफूच्या परवाना-शेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय आमच्या ग्वाल्हेरच्या मुरार भागातच आहे. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या मंदसौर-नीमचकडे पट्टेदार (म्हणजे परवानाधारक) शेतकरी दुपारी बोंडांना चिरा देतात, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात आणि तो सरकारच्याच हवाली करतात. भांगेचेही तसेच. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून मध्य प्रदेशात भांग परवान्याच्या दुकानावर राजरोस मिळते आणि त्याच झाडाचा शेंडा चिलमीत भरणारा आरोपी ठरतो. यात वैद्यकीय तर्क शोधू नये. तो सापडत नाही.

पहिल्या गोष्टीत मात्र आपण कमालीचे कडक आहोत. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत, गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील मालाच्या गुन्ह्याचा (हेरॉइनसाठी ५ ग्रॅम, गांजासाठी १ किलो) आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते, आणि उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. तरतूद चांगली आहे, पण ती मागावी लागते, आणि तोवर माणूस आरोपी झालेला असतो; पोर्तुगालमध्ये उपचारांचा विचार त्याआधीच होतो.

मागायची कोणी, हा समन्यायाचा प्रश्न आहे. सुस्थितीतल्या घरचा मुलगा पकडला गेला, तर वडील सायंकाळच्या आत वकील गाठतात आणि वकील ते कलम अर्जात लिहितो. स्मॅकची (भेसळीच्या हेरॉइनची) सवय जडलेल्या हमालाला असे कलम आहे हेच ठाऊक नसते. तारखेगणिक एक दिवसाची मजुरी बुडवण्यापेक्षा गुन्हा कबूल करून दंड भरणे त्याला परवडते, आणि ती कबुली पुढे एखाद्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी होते त्या दिवशी पुन्हा समोर येते.