मंद आचेवर जंतू मरत नाहीत?

'स्लो कुकरमध्ये अन्न तासन्‌तास कोमट राहतं, जंतू मरत नाहीत' हे मी अजूनही ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं. भीतीपोटी लोक मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या या चांगल्या विजेच्या भांड्याला मुकतात.

जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये. चांगल्या स्थितीतला कुकर ‘लो’ म्हणजे मंद सेटिंगवरही हा टप्पा ओलांडून बराच वर जातो, ‘हाय’वर फक्त लवकर पोचतो. झाकणाखाली वाफ कोंडलेली असते, पाणी आटत नाही, तळ करपत नाही. चिवट मांसातल्या कोलॅजन या कडक प्रथिनाचं मऊ जिलेटिन व्हायला वेळच लागतो, म्हणून ते इथे इतकं मऊ होतं.

भीती अगदीच निराधार नाही, फक्त चुकीच्या जागी आहे. गोठलेलं मांस थेट टाकू नका, ते फार वेळ थंड राहतं. झाकण सारखं उघडू नका. आणि राजमा! त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, पोट बिघडवतं. तो किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर ३० मिनिटं खळखळून उकळा, मगच स्लो कुकरमध्ये घाला.