हायड्रोजनची बोट घाटाला लागेपर्यंत

वाराणसीच्या नमो घाटावरून डिसेंबर २०२५मध्ये हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट सुरू झाली. ५० आसनांची ही कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची जोडबोट, कोचीन शिपयार्डने बांधली. तिच्यातला फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज तयार करणारा संच, पुण्याच्या केपीआयटी या कंपनीचा. पुण्यात २०२२ साली फ्युएल सेलची बस दाखवली गेली, तीही याच कंपनीची, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांच्या साथीने केलेली. त्यामुळे गंगेतल्या या बोटीचं आपल्याला जरा जास्तच अप्रूप.

या बोटीत हायड्रोजन जाळत नाहीत. सेलमध्ये प्लॅटिनमचा थर दिलेला एक पातळ पडदा असतो. हायड्रोजनमधले प्रोटॉन त्यातून आरपार जातात. इलेक्ट्रॉनला तिथून वाट नसते, ते तारेतून वळसा घेतात. त्या वळशातच मोटर फिरते. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की उरतं फक्त पाणी. कल्पना १८३९ची, विल्यम ग्रोव्ह यांची. पुढे फ्रान्सिस बेकन यांनी १९५९ साली ५ किलोवॉटचा संच चालवून दाखवला आणि त्याच घराण्यातले सेल अपोलो यानांत गेले. मग जर्मनीच्या पाणबुड्यांनीही फ्युएल सेल घेतले, कारण ऑक्सिजन सोबत नेला की पाण्याखाली त्यांना बाहेरची हवा लागत नाही आणि आवाजही नाही.

प्रवाशांच्या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखं मला हॅम्बुर्गचं वाटतं. तिथल्या आल्स्टर तलावात २००८ साली १०० प्रवाशांची ‘आल्स्टरवासर’ उतरली. ५० किलो हायड्रोजन, ३५० बार दाबाने भरलेला. २०१० साली बोटीला आग लागली आणि सगळ्यांनी हायड्रोजनकडे बोट दाखवलं असेल, पण पेटल्या होत्या शिशाच्या बॅटऱ्या. हायड्रोजनच्या टाक्या शाबूत राहिल्या. दुरुस्त होऊन बोट पुन्हा धावली. ती थांबली ती काठावरचा हायड्रोजन पंप परवडेना म्हणून!

नॉर्वेची ‘हायड्रा’ ही ३०० प्रवासी आणि ८० गाड्या नेणारी फेरी २०२३पासून उणे २५३ अंशांवरच्या द्रवरूप हायड्रोजनवर धावते. टाकी छतावर ठेवली आहे. गळती झालीच तर हलका वायू वरच्या वर निघून जावा म्हणून. पण तिचा हायड्रोजन टँकरने थेट जर्मनीतून आणावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोतही २०२४ साली ७५ प्रवाशांची बोट आली.

बनारसला नावाड्यांच्या डिझेल बोटी आधी सीएनजीवर आणल्या गेल्या, त्यासाठी घाटाशीच तरंगता पंप उभा राहिला. हायड्रोजनलाही तशीच हक्काची जागा हवी. शिवाय आज देशातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड घाटावर दिसत नाही, कारखान्यापाशी सुटतो.