स्क्वेअर डान्सचे कॉलर : पार्श्वभूमी

अमेरिकेतील स्क्वेअर डान्सच्या क्लबांमध्ये गेली काही वर्षे एक वाद सतत चालू आहे : नवशिक्याला नियमित नृत्यसभेत सामील करून घेण्यापूर्वी किती कॉल, म्हणजे पुकारून सांगायच्या किती हालचाली, शिकवाव्यात? वरकरणी हा अभ्यासक्रमाचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात तो कॉलरचा, म्हणजे नाच चालू असताना कॉल पुकारणाऱ्याचा, प्रश्न आहे, कारण शिकवायचे त्यानेच, पुकारायचे त्यानेच, आणि क्लब ओस पडू लागला की दोषही बहुधा त्याच्याच पदरी येतो. या वादाची मुळे १९७० च्या दशकातील एका निर्णयात आहेत. तो निर्णय का घेतला गेला हे कळण्यासाठी त्याआधीच्या पन्नास वर्षांत कॉलरचे काम कसकसे बदलत गेले, हे पाहावे लागते.

चार जोड्यांनी चौकोनाच्या चार बाजूंना उभे राहून नाचण्याची रीत फ्रान्समधील कोतियाँ आणि क्वाड्रिल या नृत्यांतून अमेरिकेत आली. युरोपात नाचाच्या आकृत्या नृत्यशिक्षकाकडून आधी पाठ करून घ्याव्या लागत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पाठांतराची जागा पुकाराने घेतली. तिथल्या नृत्यसभांत फिडल वाजवणारे बरेचसे वादक कृष्णवर्णीय होते, त्यांतले कित्येक गुलामगिरीत जगणारे होते, आणि वाजवता वाजवता पुढची आकृती मोठ्याने सांगण्याच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये हेच वादक आढळतात. शिक्षकाची फी परवडत नसलेल्या माणसाला त्यामुळे थेट नाचात उतरता आले. पुढे विसाव्या शतकात या नृत्याचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा कॉलरचे लोकप्रिय चित्र मात्र रुंद हॅट घातलेल्या गोऱ्या काउबॉयचे झाले आणि त्या वादकांचा उल्लेख कित्येक दशके गळूनच गेला. या इतिहासातील ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढण्याचे काम अभ्यासकांनी अगदी अलीकडे हाती घेतले आहे.

पुनरुज्जीवनाची पहिली लाट १९२० च्या दशकात मिशिगनमधील डिअरबॉर्न येथून उठली. एका बड्या मोटारनिर्मात्याने मॅसॅच्युसेट्समधून एक नृत्यशिक्षक बोलावून घेतला, १९२६ मध्ये जुन्या नृत्यांचे मार्गदर्शक पुस्तक काढले आणि ही नृत्ये शाळांपर्यंत पोहोचवली. त्यामागे जॅझबद्दलचा तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्याला त्याच्या ज्यूद्वेषाची जोड होती. हे टाळून त्या कामगिरीचे केवळ गोडवे गाणे योग्य नाही. कॉलरच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम १९३० च्या दशकात कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाले. तिथल्या एका शाळेच्या प्रमुखाने पश्चिमेकडील गुरेपालकांच्या वस्त्यांतील नृत्ये गोळा केली, विद्यार्थ्यांचा संघ घेऊन देशभर कार्यक्रम केले, १९३९ मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे उन्हाळी वर्ग भरवले. त्या वर्गांना शाळामास्तर, शेतकरी, दुकानदार असे सगळे येत आणि आपापल्या गावी परतून पुकारू लागत. युद्धोत्तर काळातील कॉलरांची पहिली पिढी बऱ्याच अंशी याच वर्गांतून घडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्क्वेअर डान्सची जी भरभराट झाली, तिचे श्रेय सामान्यतः त्या काळच्या उत्साही वातावरणाला दिले जाते. माझ्या मते ध्वनिवर्धक आणि ग्रामोफोनची तबकडी यांचा वाटा त्याहून मोठा होता. ध्वनिवर्धकापूर्वी कॉलरचा आवाज एका दिवाणखान्यापुरता किंवा धान्याच्या कोठारापुरता पोहोचत असे. मोठ्या सभागृहात प्रत्येक चौकोनातील एखाद्या नर्तकालाच आकृत्या सांगाव्या लागत. मायक्रोफोन आला आणि एकच माणूस शेकडो लोकांना नाचवू लागला. जुलै १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराच्या पंचाहत्तरीनिमित्त भर रस्त्यात जो स्क्वेअर डान्स झाला, त्याला सुमारे १५,००० नर्तक जमल्याचे सांगितले जाते. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमधून या नृत्याला वाहिलेले मासिक सुरू झाले, तर १९५२ मध्ये रिव्हरसाइड येथे पहिले राष्ट्रीय संमेलन भरले.

तबकडीने दुसरा बदल केला. वादकांचा ताफा बोलावणे क्लबांना परवडत नव्हते. तबकडीवर होडाउनची, म्हणजे जलद लोकनृत्याची, धून मिळू लागल्यावर कॉलर एकटाच ग्रामोफोन, ध्वनिवर्धक आणि तबकड्यांची पेटी गाडीत टाकून गावोगावी जाऊ लागला. संगीत, शिकवणी, सूत्रसंचालन आणि पाहुण्यांची सरबराई ही सारी कामे एकाच माणसाच्या अंगावर आली. जुन्या फिडलवादकांची रोजी यात गेली, ही गोष्ट त्या भरभराटीच्या वर्णनांत क्वचितच येते.

या एकट्या माणसाचे काम बाहेरून सोपे वाटते. नृत्यसभा ‘टिप’मध्ये विभागलेली असते आणि एका टिपमध्ये साधारणपणे दोन भाग असतात. दुसरा भाग गाण्याचा, म्हणजे सिंगिंग कॉलचा : चौसष्ट ठोक्यांची एकेक आकृती, अशा सात आवर्तनांत गाणे बसवायचे आणि गाण्याच्या शब्दांमध्येच कॉल गुंफायचे. हे आधी बेतून ठेवता येते. कसोटी लागते ती पहिल्या भागात, पॅटर कॉलमध्ये. तिथे पुढे काय येणार हे नर्तकांना ठाऊक नसते, आणि अनेकदा कॉलरनेही ते ठरवलेले नसते. मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या लयीत नर्तक एक हालचाल संपवत असतानाच पुढचा कॉल दोन-चार ठोके आधी त्यांच्या कानावर पडावा लागतो. उशीर झाला तर सगळे थबकतात आणि घाई झाली तर चौकोन मोडतो. अनुभवी कॉलर समोरच्या एखाद्या चौकोनातील दोन जोड्या हेरतो, त्यांचे मूळ जोडीदार आणि मूळ जागा लक्षात ठेवतो, मग मनाला येईल तशी गुंफण करत जातो आणि त्या जोड्या योग्य क्रमाने समोरासमोर आल्या की ‘अलमांड लेफ्ट’ (शेजारच्या जोडीतील नर्तकाला डावा हात देऊन फिरण्याचा कॉल) पुकारून सर्वांना घरी पोहोचवतो. हे साधावे म्हणून कित्येक कॉलरांनी रात्री जेवणाच्या टेबलावर आठ सोंगट्या मांडून वर्षानुवर्षे सराव केलेला आहे.

या कामावर पोट भरणारे थोडेच होते. बहुतेक जण दिवसा नोकरी, शेती किंवा धंदा करत आणि आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी पुकारत. थोडे कॉलर पूर्णवेळ फिरते झाले : आज एका गावात, उद्या दोनशे मैलांवरच्या दुसऱ्या गावात, मुक्काम कोणाच्या तरी घरी नाही तर गाडीमागच्या ट्रेलरमध्ये. हिशेब, पत्रव्यवहार, तारखा ठरवणे आणि सभागृहात नवख्यांना धीर देणे हे काम बहुधा पत्नी करत असे, आणि तिचे नाव जाहिरातीत असले तरी मानधन जोडीला मिळून एकच असे. फिरत्या कॉलरांची कीर्ती मोठी होती यात वाद नाही. तरीही हे नृत्य टिकवले ते प्रत्येक सप्टेंबरात नव्या लोकांना ओळीत उभे करून डावा हात कोणता आणि उजवा कोणता इथपासून सुरुवात करणाऱ्या गावातल्या कॉलरांनी, असे माझे ठाम मत आहे.

आता मूळ निर्णयाकडे येतो. १९५० आणि १९६० च्या दशकांत नवे कॉल रचण्याला ऊत आला. कोणीही कॉल रचावा, त्याला नाव द्यावे आणि कॉलरांसाठी निघणाऱ्या मासिक टिपणांतून तो प्रसिद्ध करावा, अशी मोकळीक होती. यातून काही उत्तम हालचाली मिळाल्या, ज्या आजही रोज नाचल्या जातात. पण रचलेल्या कॉलांची संख्या हजारोंच्या घरात गेली आणि त्यांतील बहुतेक कॉल हंगामापुरतेच जगले. फिरता कॉलर सभागृहात आला की ताजा कॉल शिकवल्याशिवाय त्याचा मान राहत नसे, आणि रोज नाचणाऱ्यांना तेच हवे असे. परिणाम असा झाला की आठवड्यातून एकदा येणारा माणूस मागे पडला आणि शेजारच्या राज्यातून आलेला जुना नर्तकही परक्या क्लबात गोंधळू लागला. मूलभूत हालचालींची आधी पन्नास आणि मग पंचाहत्तर अशी यादी छापून या पसाऱ्याला आवर घालण्याचा प्रयत्न लॉस एंजेलिसच्या त्या मासिकाच्या वर्तुळातून झाला होता, पण ती यादी पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी काही नामवंत कॉलर एकत्र बसू लागले आणि १९७४ मध्ये सेंट लुईस येथे कॉलरांच्या संघटनेचे पहिले मोठे अधिवेशन झाले. त्यातून कॉलांच्या श्रेणीबद्ध याद्या उभ्या राहिल्या : मेनस्ट्रीम, त्यापुढे प्लस, मग ॲडव्हान्स्ड आणि चॅलेंज. प्रत्येक कॉलची लेखी व्याख्या ठरली, किती ठोके लागतात हे ठरले, आणि नवे कॉल दर तिमाहीला निवडून प्रयोगासाठी पुढे ठेवण्याची पद्धत बसली.

या निर्णयाचे समर्थक म्हणतात की त्यामुळे नर्तकाला कोठेही जाऊन नाचता येऊ लागले, आणि हे निर्विवाद आहे. कॉलरलाही आपण कोणत्या श्रेणीसाठी पुकारणार आहोत हे आधी कळू लागले. विरोधकांचे म्हणणे असे की यादीने कॉलरची कला बांधून टाकली आणि प्रदेशाप्रदेशांतील वेगळेपण पुसून टाकले. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. याद्यांची मोजणी कॉलच्या संख्येवर आहे, अवघडपणावर नाही. आणि ओळखीचाच कॉल अनोळखी जागेवरून दिला की मुरलेला नर्तकही अडखळतो. म्हणजे थोड्या कॉलांतही कसबी कॉलरला संध्याकाळभर पुरेल इतकी सामग्री असते. खरे नुकसान याद्यांनी केले नाही. याद्या म्हणजे चढत जाण्याच्या पायऱ्या आहेत, हा समज क्लबांनी करून घेतला, त्याने नुकसान केले. मेनस्ट्रीम हा मुक्कामाचा टप्पा असावा, अशी मूळ कल्पना होती. १९८० च्या दशकात क्लबांमागून क्लब प्लसकडे सरकले, मेनस्ट्रीम केवळ वाटेतला थांबा उरला आणि नवशिक्याला बरोबरीने नाचण्याआधी एक पूर्ण हंगाम, कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक काळ वर्गात काढावा लागू लागला. इतका वेळ देऊ शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत गेली. संघटनेने कॉलर घडवण्याच्या प्रशिक्षणाकडेही लक्ष दिले, हे खरे. पण याद्या सुधारण्यात जेवढी शक्ती गेली तेवढी थोड्या कॉलांत खूप काही करून दाखवणारे कॉलर तयार करण्यात गेली असती, तर आजचा वाद इतका तीव्र झाला नसता.

याच काळात १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांसाठी स्क्वेअर डान्सला राष्ट्रीय लोकनृत्य घोषित केले. तो दर्जा कायमचा व्हावा म्हणून नंतर खटपट झाली, ती लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांच्या विरोधामुळे यशस्वी झाली नाही. इतक्या विविध लोकांच्या देशात एकाच नृत्याला हा मान का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. न्यू इंग्लंड आणि ॲपलाचियन भागांत अजूनही फिडलच्या साथीने, कोणत्याही यादीविना पुकारणारे कॉलर होते; राष्ट्रीय दर्जाच्या मागणीत जे नृत्य अभिप्रेत होते त्यात त्यांना फारसे स्थान नव्हते. राज्यांनी मात्र ही मागणी उचलून धरली आणि वीसहून अधिक राज्यांनी स्क्वेअर डान्सला आपले राज्यनृत्य किंवा राज्याचे लोकनृत्य ठरवले.

अमेरिकेबाहेरचा प्रसार युद्धोत्तर सैन्यासोबत आणि प्रशासनासोबत झाला. १९४६ च्या सुमारास नागासाकी येथे नेमलेल्या एका अमेरिकी शिक्षणाधिकाऱ्याने तिथल्या शिक्षकांना हे नृत्य शिकवले आणि पुढे जपानी राजघराण्यातील एका राजपुत्राने त्याला आश्रय दिला. जर्मनीत ते अमेरिकी छावण्यांतून स्थानिक लोकांकडे गेले. आज जपान, जर्मनी, स्वीडन, डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक येथील कॉलर स्थानिक असतात, पण कॉल इंग्रजीतच देतात, आणि म्हणून ओसाकाचा नर्तक स्टॉकहोममध्ये पहिल्याच टिपला उभा राहू शकतो. १९७४ नंतरच्या याद्यांच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही.

अमेरिकेतही १९८० च्या दशकारंभी समलिंगी नर्तकांचे क्लब स्थापन होऊ लागले आणि १९८४ मध्ये सिएटल येथे त्यांचे संमेलन भरले. ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या भूमिका कोणीही घ्याव्यात, ही पद्धत तिथे रुळली. कॉलरांनाही आपली जुनी गाणी आणि यमके नव्याने तपासावी लागली. काहींनी ते आनंदाने केले, काहींनी त्या सभागृहांत पुकारणे नाकारले. आता भूमिकांची अदलाबदल इतर क्लबांतही पूर्वीइतकी अनोखी राहिलेली नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे सभागृहे बंद पडली तेव्हा अनेक कॉलरांनी झूमवरून पुकारायला सुरुवात केली. घरात एकटे-दुकटे असलेले नर्तक उरलेल्यांची जागा मनाने भरून काढत नाचत. त्यातून वेगवेगळ्या खंडांतील लोक एका कॉलरकडे जमले, पण टाळेबंदी उठल्यावर वयस्क सदस्य परत न आल्याने काही क्लब कायमचे बंद झाले. उरलेल्या क्लबांवरील दबाव त्यामुळे वाढला आणि सुमारे पन्नास कॉलांचा, काही महिन्यांत शिकवून होणारा ‘सोशल स्क्वेअर डान्सिंग’ हा छोटा कार्यक्रम संघटनेने मुक्कामाचा टप्पा म्हणून पुढे आणला. त्याचे समर्थक वर्षातून एकाऐवजी दोन-तीन वेळा वर्ग सुरू करता येतात याकडे बोट दाखवतात. प्लसमध्ये मुरलेल्या सदस्यांना मात्र आपले नृत्य पातळ केले जात असल्याचे वाटते. कोणती यादी पाळायची हे प्रत्येक क्लबने स्वतः ठरवायचे असल्यामुळे, एकच कॉलर सोमवारी एका क्लबात पन्नास कॉलांवर संध्याकाळ रंगवतो आणि गुरुवारी दुसऱ्या क्लबात प्लस पुकारतो, अशी सध्याची स्थिती आहे.