वीज तुटून होणारा रीस्टार्ट आणि विंडोजने स्वतःहून केलेला रीस्टार्ट

संगणक चालू केला की मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह दिसते, त्याखाली ठिपके गोल फिरू लागतात, आणि पासवर्ड विचारला जाण्याआधीच पडदा काळा होऊन सगळे पहिल्यापासून सुरू होते. पुण्यात अशा वेळी दोनपैकी एक उत्तर हमखास ऐकायला मिळते: ‘एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) गेला असेल’ किंवा ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, परंतु ती दोन वेगवेगळ्या बिघाडांची उत्तरे आहेत. पहिल्या प्रकारात यंत्राची वीज क्षणभर कोलमडते आणि विंडोजला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या प्रकारात वीज अगदी व्यवस्थित असते आणि विंडोज स्वतः विचारपूर्वक यंत्र बंद करून पुन्हा चालू करते. यांतला नेमका प्रकार ओळखल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये आणि फॉरमॅटला तर मुळीच होकार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण चुकीच्या निदानावर केलेल्या फॉरमॅटमध्ये घरातले फोटो आणि मुलांची कामे जातात, आणि संगणक मात्र पूर्वीसारखाच रीस्टार्ट होत राहतो.

पहिला प्रकार आधी पाहू. भिंतीतल्या २३० व्होल्ट विजेपासून एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे तयार करतो आणि ते स्थिर झाल्यावर मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा एक संकेत देतो. हा संकेत असेपर्यंतच प्रोसेसर काम करतो. १२ व्होल्टचा पुरवठा साधारण ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहावा लागतो. जुन्या एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग, थकले असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम जोरात कामाला लागताच व्होल्टेज कोसळते, संकेत तुटतो आणि मदरबोर्ड सगळे जागच्या जागी थांबवून नव्याने सुरुवात करतो. सुरू होतानाच हे घडण्याचे कारण उघड आहे, कारण विंडोज लोड होताना यंत्रावरचा भार काही सेकंदांत बराच वाढतो. मोठ्या अक्षरांतला निरोप नाही, निळा पडदा नाही, आणि घटना दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर घडते, ही या प्रकाराची खूण आहे. सकाळी गार असताना यंत्र लॉगिनपर्यंत पोहोचते आणि लगेच दुसऱ्यांदा चालू केले तर चिन्हापाशीच मरते, असे दिसले तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसरवरच्या हीट सिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये बसलेला धुळीचा थर आणि त्या दोहोंमधली, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट ही त्याची नेहमीची कारणे आहेत. रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरात तो थर किती लवकर जमतो, हे सीपीयूचे, म्हणजे संगणकाच्या डब्याचे, झाकण उघडले की कळते.

दुसऱ्या प्रकारात विंडोजच्या गाभ्याला अशी चूक सापडते की पुढे चालत राहिल्यास डिस्कवरची माहिती बिघडण्याचा धोका असतो. अशा वेळी ती सगळे काम थांबवते, निळ्या पडद्यावर (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळ्या) कोणती चूक झाली तिचे नाव दाखवते, त्या क्षणाची नोंद डिस्कवर लिहिते आणि यंत्र रीस्टार्ट करते. गोंधळ होतो तो शेवटच्या पायरीमुळे. ‘बिघाड झाल्यास आपोआप रीस्टार्ट करा’ ही सोय विंडोजमध्ये मुळातच चालू ठेवलेली असते, त्यामुळे निळा पडदा पापणी लवते तोवर निघून जातो आणि पाहणाऱ्याला वीजच गेल्यासारखे वाटते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि त्यांतले कितीतरी असेच पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. त्या यंत्रांचे एसएमपीएस आणि रॅम धडधाकट होते. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतीच विंडोज चालू करून, ती एक सदोष फाइल काढून टाकली की यंत्र सुरू होत असे. या प्रकाराची खूण म्हणजे घटना जवळजवळ दर वेळी एकाच टप्प्यावर घडते, आणि बहुधा नवे अपडेट, नवा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा अर्धवट झालेले शटडाउन तिच्या आधी घडून गेलेले असते.

दोन्ही वेगळे काढण्याची पहिली चाचणी फुकट आहे. यंत्र चालू होताच डिलीट किंवा एफ २ हे बटण दाबत राहून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, पडद्यावर जावे आणि तिथेच अर्धा तास थांबावे. तिथे विंडोजचे एक अक्षरही चाललेले नसते. त्यामुळे तिथेही रीस्टार्ट झाला तर विंडोजला दोष देण्याचे कारण उरत नाही. त्याच पडद्यावर प्रोसेसरचे तापमान बहुधा दिसते. मात्र यंत्र तिथे तगले म्हणून वीज निर्दोष ठरत नाही, कारण बायोसमध्ये भार फार कमी असतो. म्हणून पुढची पायरी म्हणजे लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करून तासभर त्यावर काम करणे. तेही निर्वेध पार पडले, तर दोष विंडोजमध्ये किंवा तिच्या डिस्कमध्ये शोधावा.

दुसरी चाचणी विंडोजलाच बोलते करण्याची आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनदा फसला की पुढच्या वेळी बहुधा दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन ९ हा आकडा दाबला की आपोआप रीस्टार्टची सोय त्या वेळेपुरती बंद होते, आणि मग निळा पडदा जागचा हलत नाही. त्यावर दिसणारे बिघाडाचे नाव मोबाइलवर टिपून घ्यावे. तिथेच ४ दाबल्यास सेफ मोड मिळतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर या वाटेवर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ही किल्ली बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती हाताशी येईपर्यंत कुणालाही डिस्कला हात लावू देऊ नये.

सेफ मोड उघडला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवर ही नोंद पाहावी. तिच्या नावात ‘पॉवर’ असल्यामुळे ती दिसताच एसएमपीएस बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ही नोंद इतकेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’पुढे शून्य असेल तर विंडोजला काही लिहिण्याची उसंतच मिळाली नाही, म्हणजे संशय विजेकडे आणि उष्णतेकडे जातो; शून्याखेरीज आकडा असेल तर विंडोजने स्वतः रीस्टार्ट केला.

आता खरी गुंतागुंत. विंडोजने स्वतः रीस्टार्ट केला म्हणून मूळ दोष सॉफ्टवेअरचाच असतो असे नाही. सदोष रॅममुळे बहुधा दर वेळी वेगळ्या नावाचा निळा पडदा येतो. पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो, आणि वीज काढून रॅम बाहेर घेऊन, स्वच्छ करून पुन्हा नीट दाबून बसवली की यंत्र चालू होते, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. त्याहून फसवे उदाहरण मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलचे. हा ३ व्होल्टचा सेल संपला आणि मग घराची वीज गेली, तर बायोसचे घड्याळ आणि जुळवण्या मूळपदावर येऊ शकतात. पुण्यात अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद असते आणि संगणक नेमका त्यानंतर बिघडतो, तेव्हा सगळेच वोल्टेजवर खापर फोडतात. प्रत्यक्षात कधीकधी मूळपदावर येताना डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून (AHCI) रेडवर (RAID) किंवा उलट गेलेली असते, विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा क्षणभर येतो आणि रीस्टार्टचे चक्र सुरू होते. बायोसमधली तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसली तर आधी सेल बदलावा आणि ती जुळवण पूर्वीसारखी करून पाहावी. एवढ्यासाठी विंडोज नव्याने टाकली गेल्याचे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

उपाय मग प्रकाराप्रमाणे ठरतात. विजेचा दोष दिसला तर आधी सीपीयूच्या पुढच्या बटणांकडे जाणाऱ्या तारांतली ‘रीसेट’ लिहिलेली बारीक जोडणी मदरबोर्डवरून काढून पाहावी, कारण अडकलेले बटण हुबेहूब असाच त्रास देते. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांचे माथे सपाट आहेत की फुगले आहेत, हे टॉर्च धरून पाहावे. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल इतका भार साठलेला असतो. तो बदलून पाहणे हीच चाचणी, आणि त्यासाठी पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करताना सर्वांत स्वस्त नग घेऊ नये. विंडोजचा दोष असेल तर शेवटचे अपडेट किंवा ड्रायव्हर काढणे, सिस्टिम रीस्टोर (विंडोजच्या जुळवण्या आधीच्या तारखेवर नेणे) आणि स्टार्टअप रिपेअर (सुरू होण्यातला दोष विंडोजकडून दुरुस्त करवणे) या क्रमाने जावे. डिस्कच खराब होत असल्याची शंका असेल तर चेक डिस्क ही विंडोजची डिस्क तपासणी चालवण्याआधी तिच्यावरची माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी, कारण मरणाऱ्या डिस्कला त्या तपासणीचा ताण सोसत नाही. यंत्र दुकानात द्यायचेच झाले, तर निळ्या पडद्याचा फोटो आणि बायोसमध्ये ते किती वेळ तगले याची नोंद सोबत द्यावी, आणि माहितीची प्रत हातात आल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे.